राहिलेल्यांचीही नोंद ठेव

चि. बाळ यास,


जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात तू कल्याण संघटक म्हणून रुजू झालास, हे वहिनींनी फोनवर सांगितलं. फार समाधान वाटलं. पलटणीतून घरी आल्यावर बँकेच्या दारावर सुरक्षारक्षकाची नोकरीही तुला मिळत होती. ती सोडून तू माजी सैनिकांच्या, वीरपत्नींच्या आणि विधवांच्या कामाला लागलास. मी याच खुर्चीवरून निवृत्त झालो, तेव्हा चार गोष्टी हक्काने सांगतो. एकदा शांतपणे वाच, आणि अडचण येईल तेव्हा परत काढून वाच.

पहिल्या आठवड्यातच तुझ्या लक्षात येईल की आपल्याकडे येणाऱ्या माणसाचं काम बहुतेक वेळा आपल्या हातात नसतं. पहिलं महायुद्ध संपल्यावर १९१९ मध्ये सैनिकांसाठी जे केंद्रीय मंडळ उभं राहिलं, तेच आजचं केंद्रीय सैनिक बोर्ड. राज्यात आपला सैनिक कल्याण विभाग, त्याचं मुख्यालय पुण्याला. जिल्ह्यात आपलं कार्यालय, आणि जिल्हा सैनिक मंडळाचे अध्यक्ष जिल्हाधिकारी. आपल्या खर्चातला ६० टक्के वाटा केंद्राचा, ४० टक्के राज्याचा. पेन्शन मंजूर होते प्रयागराजला. नाव, जन्मतारीख, वारस यांच्या दुरुस्त्या रेकॉर्ड ऑफिसात: मराठा लाइट इन्फंट्रीच्या बेळगावला, तोफखान्याच्या नाशिकरोडला, बॉम्बे सॅपर्सच्या खडकीला, महार रेजिमेंटच्या थेट सागरला. औषधं माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेच्या, म्हणजे ईसीएचएसच्या, पॉलिक्लिनिकमध्ये, आणि त्या पॉलिक्लिनिकचा कारभार लष्कराच्या स्टेशन हेडक्वार्टरकडे. घरपट्टीची माफी ग्रामपंचायतीकडे.

इतकी दारं फिरताना माणसाला प्रत्येक ठिकाणी एकच वाक्य ऐकायला मिळतं: ‘हे आमच्याकडे येत नाही.’ नियमाने पाहिलं तर ते वाक्य खरंही असतं. कोणी खोटं बोलत नाही, कोणी पैसे मागत नाही, आणि तरीही त्या माणसाचं काम वर्षानुवर्षं होत नाही. सरकारी कारभारात जबाबदारी हरवते ती बऱ्याचदा अशी. म्हणून हे वाक्य तुझ्या टेबलावरून एकटं बाहेर जाऊ देऊ नकोस. ‘आमच्याकडे नाही’ म्हणालास, तर ते कोणाकडे आहे, तिथे कोणता कागद लागतो, हे पुढच्याच दमात सांग. पत्र आपल्याच कार्यालयातून जाऊ दे, जावक क्रमांक टाक आणि प्रत त्या माणसाच्या हातात दे. कागद हातात असला की माणूस दुसऱ्या दारात याचक म्हणून उभा राहत नाही.

एक प्रसंग तुझ्यासमोर वारंवार येईल, तो आधीच सांगतो. साठी-सत्तरीची बाई येईल, सोबत नातू. प्लॅस्टिकच्या पिशवीत कागद असतील, घड्या पडून फाटायला आलेले. नवरा जाऊन काही महिने झालेले, कुटुंब निवृत्तिवेतन सुरू झालेलं नाही. डिस्चार्ज बुक उघडशील तर त्यात तिचं माहेरचं नाव, तेही भरती कार्यालयातल्या हिंदी बोलणाऱ्या कारकुनाने ऐकून लिहिलेलं. पीपीओवर, म्हणजे पेन्शनच्या आदेशावर, स्पेलिंग निराळं. आधार कार्डावर सासरचं नाव आणि जन्मतारीख १ जानेवारी, कारण खरी कोणालाच ठाऊक नव्हती. पूर्वी पेन्शन बँकेच्या शाखेतून मिळायची, तिथे दोन ओळखीची माणसं ‘ह्याच त्या’ म्हणायची आणि भागायचं. आता पेन्शनची ‘स्पर्श’ ही ऑनलाइन प्रणाली आली. संगणक अक्षराला अक्षर जुळवून बघतो, जुळलं नाही की अर्ज परत.

‘स्पर्श’ला नावं ठेवू नकोस. वेगवेगळ्या खात्यांतले कागद एका ठिकाणी आले, काय अडलंय ते घरबसल्या दिसू लागलं, हा मोठा फायदा आहे. पण ज्या बाईला मोबाइलवरचा ओटीपी वाचता येत नाही, तिच्यासाठी मधला माणूस लागतोच, आणि सरकारने त्या जागी तुला बसवलंय. तहसीलमधून नावातल्या फरकाचं प्रतिज्ञापत्र करून घे, सरपंचांचा दाखला घे, रेकॉर्ड ऑफिसला नावाच्या दुरुस्तीची पार्ट टू ऑर्डर काढायला पत्र लाव, दुरुस्त पीपीओ येईपर्यंत पाठपुरावा ठेव. पुढचं याहून महत्त्वाचं. ज्या दिवशी ती पहिल्यांदा दारात आली, त्या दिवसाची तारीख लिहून ठेव.

आता खरा मुद्दा. मला तुला एकच गोष्ट सांगायची आहे, बाकी सगळं तिच्याच आधाराने उभं आहे. मदत मिळालेल्याची नोंद प्रत्येक कार्यालय ठेवतं. किती शिष्यवृत्त्या वाटल्या, किती विधवांना अनुदान दिलं, किती ओळखपत्रं काढली, हे आकडे महिन्याच्या अहवालात जातात. जो आला आणि रिकाम्या हाताने गेला, त्याचं नाव कुठल्याच रजिस्टरात नसतं. वरून तपासणीला येणारा अधिकारी आपलं रजिस्टर तपासतो, म्हणजे जे झालं तेवढंच तपासतो. जे झालं नाही ते त्याला दिसणार कसं?

हे फक्त आपल्याकडेच होतं असं समजू नकोस. अमेरिकेत माजी सैनिकांसाठी केंद्र सरकारचं स्वतंत्र खातं आहे, स्वतःची रुग्णालयं आहेत, पैसा आपल्याला कल्पना करता येणार नाही इतका. तिथे नियम झाला होता की भेटीची वेळ मागणाऱ्या माजी सैनिकाला १४ दिवसांत डॉक्टर मिळाला पाहिजे. हेतू उत्तम होता. पण त्या आकड्यावर अधिकाऱ्यांचं मूल्यमापन आणि बक्षीस ठरू लागलं. २०१४ मध्ये ॲरिझोना राज्यातल्या फिनिक्स शहराच्या रुग्णालयाचं प्रकरण बाहेर आलं. खात्याच्याच महानिरीक्षकांनी त्या वर्षीच्या मे महिन्यात चौकशी केली, तेव्हा सुमारे १,७०० माजी सैनिक डॉक्टरची वाट बघत होते आणि त्यांची नावं अधिकृत प्रतीक्षायादीत नव्हतीच. तपासलेल्या २२६ रुग्णांना पहिल्या भेटीसाठी सरासरी ११५ दिवस थांबावं लागलं होतं. रुग्णालयाने वर कळवलेला आकडा होता २४ दिवसांचा. ताप उतरलाय असं दाखवायला थर्मामीटर गार पाण्यात बुडवावा, तसा हा प्रकार होता.

त्या खात्याचे मंत्री होते एरिक शिन्सेकी. अमेरिकी लष्कराचे माजी प्रमुख, व्हिएतनामच्या युद्धात पायाला कायमची इजा झालेले. त्यांनी ३० मे २०१४ रोजी राजीनामा दिला. हे मुद्दाम लिहितोय, कारण तूही सैनिक आहेस, मीही सैनिक. आपल्या लोकांना वाटतं, खुर्चीवर फौजी माणूस बसला की फौजींचं भलं होणारच. शिन्सेकींची सैनिकांविषयीची कळकळ कमी नव्हती. खालून वर येणारा आकडा खोटा असेल, तर कळकळीचा उपयोग होत नाही. ते प्रकरण उघड झालं ते आतल्या माणसांनी तोंड उघडलं म्हणून, आणि चौकशीचे अधिकार असलेली महानिरीक्षकांची यंत्रणा तिथे होती म्हणून. चांगल्या माणसावर विसंबलेला कारभार त्या माणसाच्या बदलीबरोबर संपतो. नोंद आणि तपासणी यांवर उभा असलेला कारभार टिकतो.

म्हणून रुजू झालास त्याच महिन्यात एक साधी वही घाल. नाव, गाव, काय मागायला आला, काय उत्तर दिलं, पुढची तारीख कोणती. ज्याचं काम झालं त्याच्या ओळीवर रेघ मार. ज्याच्या ओळीवर रेघ नाही, ती तुझी बाकी. महिनाअखेरीला ही बाकी जिल्हा सैनिक कल्याण अधिकाऱ्यांसमोर ठेव. जिल्हा सैनिक मंडळाची बैठक असेल तेव्हा ती जिल्हाधिकाऱ्यांसमोर जाईल असं बघ. बैठकीत कार्यालयाचं कौतुक होईल असं टिपण बनवायचा मोह सगळ्यांनाच होतो. अडलेल्या प्रकरणांची यादी पहिल्या पानावर ठेव. जिल्हाधिकाऱ्यांच्या एका फोनने जे काम मार्गी लागतं, ते तुझ्या दहा स्मरणपत्रांनी लागत नाही. पण फोन करायला त्यांच्यापुढे नाव आणि तारीख असावी लागते.

ध्वजदिनाचंच बघ. ७ डिसेंबरला निधी संकलन सुरू होतं, जिल्ह्याला इष्टांक ठरवून दिलेला असतो, आणि कोणत्या तालुक्याने किती टक्के गाठला हे सगळ्यांना पाठ असतं. इष्टांक पूर्ण केला की सत्कार होतात. ते योग्यच आहे, लोक आपल्या कष्टाचा पैसा देतात. पण ज्या शाळेच्या पोरांनी पाच-पाच रुपये जमवले, त्यांना त्या पैशाचं काय झालं हे कोणी सांगतं का? निधी गोळा करण्याचा इष्टांक आहे, तसाच गरजू घरांपर्यंत पोहोचण्याचाही हवा. तुझ्या तालुक्यांत अशी माणसं शोध ज्यांना पेन्शनच नाही. पेन्शनसाठी जवानाला १५ वर्षांची सेवा लागते; त्याआधी घरी आलेले, आता थकलेले, शेतमजुरी करणारे माजी सैनिक आपल्या जिल्ह्यात आहेत. त्यांच्यासाठी केंद्रीय सैनिक बोर्डाची पेन्यूरी ग्रँट, म्हणजे गरजूंसाठीचं अनुदान, आहे. ते कधी कार्यालयात येत नाहीत, कारण आपण ‘माजी सैनिक’ म्हणवून घ्यायला पात्र आहोत हेच त्यांना कोणी सांगितलेलं नसतं. सातारा जिल्ह्यातल्या अपशिंग्याला मिलिटरी अपशिंगे म्हणतात, ते सगळ्या महाराष्ट्राला ठाऊक आहे. पण ज्या वाडीतून एकच माणूस फौजेत गेला, तिथे तुझा दौरा आधी होऊ दे.

ईसीएचएसबद्दल तुझ्याकडे सर्वांत जास्त तक्रारी येतील. १ एप्रिल २००३ ला ही योजना सुरू झाली, त्याआधी पेन्शनवरच्या जवानाला दवाखान्याचा खर्च म्हणजे घरावर संकट असायचं. योजना चांगली आहे. अडतं ते दोन ठिकाणी. पॉलिक्लिनिकमध्ये औषध नसतं, चिठ्ठीवर ‘एन. ए.’ लिहून मिळतं, आणि बीपी-शुगरच्या गोळ्या म्हातारा माणूस पदरच्या पैशाने घेतो. दुसरं, संलग्न रुग्णालयांची बिलं थकतात, मग एखादं रुग्णालय दारातूनच सांगतं की ईसीएचएसचा पेशंट घेत नाही. महालेखापरीक्षकांनीही २०१५ च्या अहवालात औषधांचा तुटवडा आणि बिलांची दिरंगाई यांवर बोट ठेवलं होतं. यात तुझा थेट अधिकार नाही, पण लोकांना तू एवढं शिकव: ‘औषध नाही’ हे चिठ्ठीवर लिहून, शिक्का आणि तारखेसह घ्या. दुकानाची पावती जपून ठेवा, परताव्याचा अर्ज करा. रुग्णालयाने नकार दिला तर वेळ आणि काउंटर लिहून ठेवा. अशा चिठ्ठ्या एकत्र करून आपल्या अधिकाऱ्यांच्या सहीने स्टेशन हेडक्वार्टरला पाठव. तोंडी तक्रार ही कुरकुर ठरते. तारीख असलेल्या चाळीस चिठ्ठ्यांना उत्तर द्यावंच लागतं.

तारखेचं महत्त्व काय असतं ते ‘वन रँक वन पेन्शन’च्या, म्हणजे सारख्या हुद्द्याला आणि सारख्या सेवेला सारख्या पेन्शनच्या, लढ्यात आपण सगळ्यांनी पाहिलं. भगतसिंह कोश्यारी यांच्या अध्यक्षतेखालच्या राज्यसभेच्या याचिका समितीने २०११ मध्येच ही मागणी मान्य करा म्हणून अहवाल दिला. जंतर-मंतरवर माजी सैनिक बसले ते २०१५ मध्ये. त्या वर्षी ५ सप्टेंबरला संरक्षणमंत्री मनोहर पर्रीकरांनी घोषणा केली, ७ नोव्हेंबरला आदेश निघाला. पुढे दर पाच वर्षांच्या फेरआढाव्याचा प्रश्न आला. सर्वोच्च न्यायालयाने १६ मार्च २०२२ रोजी योजना वैध ठरवली आणि १ जुलै २०१९ पासूनच्या सुधारित पेन्शनची थकबाकी तीन महिन्यांत द्यायला सांगितली. त्या तीन महिन्यांना मुदतवाढीवर मुदतवाढ मिळत गेली. अखेर २० मार्च २०२३ रोजी न्यायालयाने तारखाच बांधून दिल्या: कुटुंब निवृत्तिवेतनधारक आणि शौर्यपदक विजेत्यांना ३० एप्रिल २०२३ पर्यंत, सत्तरी ओलांडलेल्यांना ३० जूनपर्यंत, बाकीच्यांना हप्त्यांनी २८ फेब्रुवारी २०२४ पर्यंत. सरकारने बंद लिफाफ्यात दिलेली टिपणी न्यायालयाने घेतलीही नाही; जे सांगायचं ते समोरच्या पक्षालाही कळलं पाहिजे, अशी भूमिका घेतली. या निकालातून तुझ्या टेबलापुरत्या दोन गोष्टी घे. मुदत सांगायची ती तारखेने. आणि ज्याच्याविषयी निर्णय होतोय, त्याच्यापासून कारण लपवायचं नाही.

अपंगत्व निवृत्तिवेतनाची प्रकरणं मात्र फार जपून हाताळ. धर्मवीर सिंह यांच्या २०१३ च्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की भरतीच्या वेळी रोगाची नोंद नसेल, तर तो सेवेमुळे झाला असं सर्वसाधारणपणे धरावं. तसं नाही हे दाखवायची जबाबदारी सरकारची. २१ सप्टेंबर २०२३ पासून नवे नियम आले, तेव्हा निवृत्तीची तारीख आधी बघ आणि मगच सल्ला दे. काम कार्यालयात होत नसेल तर सशस्त्र दल न्यायाधिकरणाचं मुंबईला खंडपीठ आहे, तिथे जाता येतं हे स्पष्ट सांग. आपल्याच लोकांना सरकारविरुद्ध कोर्टात जायला कसं सांगायचं, असा संकोच बाळगू नकोस. पर्रीकरांनी २०१५ मध्ये तज्ज्ञ समिती नेमली होती ती नेमकी याचसाठी, की माजी सैनिकांशी चालणारे खटले कमी कसे होतील. कायद्याचा रस्ता दाखवणं हा सरकारी नोकराच्या कर्तव्याचाच भाग आहे.

काही लोक कार्यालयाबाहेर उभे असतात, ‘दोन हजार द्या, पीपीओ करून आणतो’ म्हणतात. त्यांना हाकलून देणं सोपं आहे, पण दुसऱ्या दिवशी ते परत येतात. कोणत्या कामाला कोणते कागद, किती दिवस आणि फी शून्य, हे मोठ्या मराठी अक्षरांत फलकावर लाव. लोकसेवा हक्क कायद्याखाली येणाऱ्या सेवांची मुदत आणि अपील कोणाकडे करायचं तेही त्यावर लिही. माणसाला प्रक्रिया कळली की दलालाचं दुकान आपोआप बसतं. कोणी माहितीचा अधिकार वापरला तर तो शत्रू आहे असं वागू नकोस, तीस दिवसांच्या आत नीट उत्तर दे. लेखापरीक्षण पथक आलं तर पांघरूण घालत बसू नकोस. त्यांच्या शेऱ्यावर कधीकधी ती जागा भरली जाते, जिच्यासाठी आपण वर्षभर मागणी करून थकलेलो असतो.

घरपट्टी माफीची योजना २०२० मध्ये आली, बाळासाहेब ठाकरे यांच्या नावाने. तालुका दौऱ्यावर गेलास की ग्रामपंचायतीत विचार, गावातल्या किती माजी सैनिकांना ती मिळते. उत्तर आलं नाही तर तिथेच यादी करून दे. असा एक दौरा दहा परिपत्रकांपेक्षा जास्त काम करतो.

आणि माणसांशी बोलायचं कसं, हे तुला सांगायला नको, तरी सांगतो. निवृत्त कर्नल आले की आपण उठून उभे राहतो. शिपाई म्हणून निवृत्त झालेल्याची विधवा आली तरी उठ, तिला खुर्ची दे, पाणी दे, मग कागद माग. ती सरकारकडे उपकार मागायला आलेली नाही. तिच्या नवऱ्याने जे कमावून ठेवलं, त्याचा हिशेब घ्यायला आली आहे. हिशेब देणारा तू आहेस, हे तुझ्या बोलण्यातून तिला कळू दे.

वरिष्ठ बदलतील, योजनांची नावं बदलतील, अहवालाचे नमुने बदलतील. तुझ्या वहीतली बाकी मात्र दर महिन्याला मोज, आणि वर कळवताना ती कमी करून दाखवू नकोस. कोणी दाखव म्हणालं तर नम्रपणे नाही म्हण, आणि नाही म्हटल्याचंही लिहून ठेव. दिलेल्या मदतीचा अहवाल कोणीही लिहील. राहिलेल्यांची यादी वरिष्ठांच्या टेबलावर नेऊन ठेवणारा माणूस प्रत्येक जिल्ह्याला हवा आहे. आपल्या जिल्ह्याला तो तुझ्या रूपाने मिळू दे.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
तात्या